हो, बघितलं

परीक्षेच्या दिवशी सकाळी सव्वादहाला मला कळलं, की माझ्या मुलीचं केंद्र लातूरला नाही, नांदेडला आहे. आम्ही लातूरला होतो. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं गेट दुपारी दीडला बंद होतं आणि एकदा बंद झालं की कुणाच्या बापासाठी उघडत नाही, हे क्लासवाले दोन वर्षं आम्हा आयांच्या कानीकपाळी ओरडत होते. मध्ये दीडेकशे किलोमीटरचा रस्ता होता.

कळलं तेही माझ्या हुशारीने नाही. आमच्या समोरच्या खोलीत निलंग्याकडच्या एक बाई राहायच्या. घरचा ऊस आणि म्हशी जावेच्या हवाली करून मुलाच्या अभ्यासासाठी लातुरात आलेल्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "ताई, आटो सांगितलाय, संगंच जाऊ की. तुमच्या पोरीचं शेंटर कंचं हाय?" मी कॉलेजचं नाव सांगितलं आणि प्रवेशपत्र त्यांच्या हातात दिलं. त्या ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. त्यांच्या त्या सावकाश वाचण्याचा मला नेहमी वैताग यायचा, त्या दिवशीही आला. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं.

"ताई, हितं तर नांदेड लिवलंय."

"तो आमच्या घरचा पत्ता असेल."

"न्हाई वो. घरचा वर हाय. ह्यो शेंटरचा हाय. पिन कोड बी वायलाच हाय बघा."

त्या नावाचं कॉलेज लातुरात आहे आणि नांदेडातही आहे. आमच्याकडे कॉलेजं फार आणि त्यांना नावं द्यायला महापुरुष मोजके. मी पहिली ओळ वाचली होती आणि तिथेच थांबले होते. फॉर्म भरला तेव्हा आम्ही संक्रांतीला नांदेडला घरी गेलो होतो. नेट कॅफेवाल्याने गाव विचारलं, मी नांदेड सांगितलं, त्याने केंद्रासाठी पहिली पसंती म्हणून तेच टाकलं. मध्ये माझ्या मोबाइलवर परीक्षेच्या शहराचा मेसेजही येऊन गेला होता. तो मी नंतर निवांत वाचायचा म्हणून ठेवून दिला होता. माझ्या फोनमध्ये नंतर निवांत वाचायचं असं पुष्कळ काही पडलेलं असतं.

मुलीकडे फोन नव्हता. क्लासचा नियम, आणि आमचाही. "तू फक्त अभ्यास कर, बाकी सगळं माझ्यावर सोड," असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. चार दिवसांपूर्वी प्रवेशपत्राची प्रिंट आणली तेव्हा तिने विचारलं, "आई, सेंटर बघितलंस ना?" मी म्हटलं, "हो, बघितलं." दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं तेव्हा मी तिच्यावर उखडले. "तुला मी वेडी वाटते का? किती वेळा तेच तेच?" त्यानंतर तिने विचारलं नाही.

आता ती वेणीचा पेड हातात धरून बाहेर आली आणि आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघून तिला समजलं. ती ओरडली नाही, रडली नाही. "किती वाजले?" एवढंच तिने विचारलं.

घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. निवृत्त ग्रामसेवक, सगळ्या आया त्यांना काका म्हणायच्या. त्यांच्याकडे गाडी होती. काका म्हणाले, "चला, बोलायला टाइम न्हाई," आणि मग त्यांनी काच पुसायला फडकं घेतलं, टोपी आणायला आत गेले, देवापुढे हात जोडून आले. मी गाडीचं दार उघडून ठेवलं. पाण्याची बाटली आणायला वर धावले, खाली आले, काहीतरी राहिलं म्हणून परत वर गेले, काय राहिलं ते आठवेना म्हणून तशीच खाली आले. दहा पस्तीसला गाडी हलली.

गाव मागे पडलं आणि मी पर्स उपसायला लागले. "आधार कार्ड!"

"माझ्याकडे आहे."

"फोटो?"

"आहे. आई, सगळं आहे. तू बस शांत."

तिने दप्तरातून वही काढून मांडीवर उघडली. बराच वेळ पान उलटलं नाही.

आमच्या भागात ही आता रीतच झाली आहे. पोरगं दहावीत चमकलं की आई त्याला घेऊन लातूरला खोली करते. बाप गावाकडे नोकरी नाहीतर शेती सांभाळतो आणि शनिवारी येतो. आमच्या इमारतीत प्रत्येक दारामागे एक आई, एक पोर आणि एक कुकर होता. कुणी चाकूरच्या, कुणी माहूरच्या, कुणी देगलूरच्या. मला पाठवताना नवरा म्हणाला होता, "तिच्यावर लक्ष ठेव. पोरगी हुशार आहे, तुझ्यासारखी धांदरट निघायला नको." सासूबाई हसल्या. मीही हसले. हसून घालवणं मला तोवर चांगलं जमायला लागलं होतं.

लातूरला आल्यावर मात्र माझं सगळं विस्कटलं. का, ते तेव्हा कळत नव्हतं. नांदेडच्या घरात सासूबाईंचा आवाज हेच माझं घड्याळ होतं. दूध बघ. नळ आला. पिठात मीठ टाकलंस का? अठरा वर्षं मी त्या आवाजावर दातओठ खाल्ले आणि त्याच आवाजावर संसार चालवला. लातूरच्या खोलीत कुणी बोलणारं नव्हतं. दूध रोज उतू जायचं. चावी आत राहायची आणि मी दार ओढून बाहेर. भिजवलेले कपडे दोन दोन दिवस बादलीत पडून वास मारायचे. आठवण राहावी म्हणून पदराला गाठ मारायची माझी जुनी सवय; संध्याकाळी पदराला चार गाठी असायच्या आणि कुठली कशासाठी मारली ते एकीचंही आठवायचं नाही. मध्येच एखाद्या दुपारी मी सगळी भांडी खाली काढून मांडणी घासायला घ्यायची. त्यात इतकी गुंगून जायची की जेवायचं भान नसायचं. मुलगी क्लासवरून आली की तिला पाय ठेवायला जागा नसायची.

बाकीच्या आयांकडे मी चोरून बघायची. त्यांच्याकडून जे आपसूक होत होतं ते मला रोज ढकलत न्यावं लागत होतं. हे काही लातूरला सुरू झालं नव्हतं. शाळेत बाई माझ्या आईला सांगायच्या, हुशार आहे हो, पण मन लावत नाही. बी.एड. मी शेवटच्या चार महिन्यांत सोडलं. शिवणाचा क्लास, केकचा क्लास, पार्लरचा कोर्स, सगळे हौसेने सुरू केले आणि एकही तडीला नेला नाही. घरच्यांनी मला आळशी ठरवलं आणि मी ते मान्य करून टाकलं. आळशी माणूस दिवसाच्या शेवटी इतका दमलेला नसतो, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

या सगळ्यातून वाट काढायला मी एक शब्द धरून ठेवला होता. हो. गॅस बंद केलास का? हो. मामंजींना गोळी दिलीस का? हो. कुलूप लावलंस का? हो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. "माहीत नाही" म्हटलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मला पाठ झालं होतं, आणि तो चेहरा मला सोसायचा नाही. "हो" म्हटलं की मग गुपचूप जाऊन बघता येतं. बहुतेक वेळा मी जाऊन बघायची. कधी कधी तेही विसरायची.

चाकूर मागे पडलं तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. काका काटा सत्तरच्या वर जाऊ देत नव्हते. "काका, जरा पळवा ना," मी म्हटलं, तर म्हणाले, "ताई, पोचायचं हाय का न्हाई?" नवऱ्याला फोन लावायचं मी टाळत होते. शेवटी मुलगीच म्हणाली, "पप्पांना लाव. ते जाऊन सेंटर बघून ठेवतील."

नवरा नांदेडला शाळेत गणित शिकवतो. सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून तो परीक्षेला लातूरला आला नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे बघायचं काम कुणाचं होतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलीने माझ्या हातातून फोन घेतला.

"पप्पा, मीच बघितलं नाही. आईला मीच लातूर सांगितलं."

त्याचा आवाज गाडीभर ऐकू येत होता. "डोकं कुठं असतंय गं तुझं? दोन वर्षं आम्ही काय करून राहिलो मग? इकडं मी, तिकडं तुझी आई, कुणासाठी?" ती "हो पप्पा, सॉरी पप्पा" म्हणत राहिली. मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि वहीत डोकं घातलं. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून ते तिथेच होते, त्यांना सगळं माहीत होतं. मला तोंड होतं, हातात फोन होता, नवऱ्याचा नंबर सगळ्यात वर होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

माझ्या पर्समध्ये तेव्हा एक कागद होता. दोन महिने तो तिथेच होता.

परीक्षेआधी दोन महिने मुलीचे क्लासमधले मार्क घसरायला लागले. सर म्हणाले, लक्ष लागत नाही तिचं, कुणाला तरी दाखवा. मी तिला लातूरच्याच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तिच्याशी तासभर बोलून तिला बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला लक्षाचा आजार नाही. ती दमली आहे. तिचं लक्ष आणखी कशात तरी अडकलेलं आहे. कशात, ते मला ती सांगत नाही." मग त्या घरचं विचारत गेल्या आणि मी बोलत गेले. बोलताना मी त्यांच्या टेबलावरच्या पेनाचं टोपण इतक्या वेळा काढलं आणि घातलं, की त्यांनी हसून ते माझ्याकडेच राहू दिलं. शेवटी त्यांनी माझ्यापुढे प्रश्नांचा एक कागद सरकवला. काम अर्धवट सोडता का? बोलणाऱ्याचं बोलणं कानावर पडूनही निसटतं का? वस्तू कुठे ठेवल्या ते आठवत नाही असं किती वेळा होतं? मी खुणा करत गेले. सगळ्या एकाच बाजूला गेल्या.

"तो लक्षाचा आजार, एडीएचडी, तुम्हाला असू शकतो," त्या म्हणाल्या.

मला रागच आला. "ते तर लहान पोरांना असतं ना मॅडम? भिंतीवर चढणाऱ्या?"

"पोरं भिंतीवर चढतात म्हणून दिसतात. मुलींचं पुष्कळदा आतल्या आत चाललेलं असतं. त्या जागेवर गप्प बसतात, म्हणून कुणी बघत नाही. मोठेपणी त्यांना लोक धांदरट म्हणतात आणि त्यांनाही ते खरं वाटतं."

धांदरट हा शब्द त्यांना मी सांगितला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला. पक्कं निदान करायला पूर्ण तपासणी लागेल, त्या म्हणाल्या; शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आणा आणि तुम्हाला जवळून ओळखणारं घरातलं कुणीतरी बरोबर आणा. घरातलं कुणीतरी म्हणजे नवरा. त्याला काय सांगणार होते मी? लेकीच्या अभ्यासासाठी पाठवलंत आणि मी स्वतःचाच आजार शोधून बसले? सासूबाई काय म्हणाल्या असत्या ते मला त्यांच्या आवाजासकट ऐकू येत होतं. मुलीला मी सांगितलं, काही नाही, तुला जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगितल्यात. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. कागदाची घडी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली.

गंमत म्हणजे तो कागद मी एकदाही हरवला नाही.

अहमदपूरपुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या एकाच बाजूने सोडत होते. तिथे वीस मिनिटं गेली. लोह्यात शिरलो तर समोर नवरदेवाचा परण्या. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला होता आणि सगळं गाव त्याच्यापुढे नाचत होतं. बारा चाळीस. काकांनी हॉर्न वाजवला, कुणी ढिम्म हललं नाही. बेंजोवाल्याने आवाज वाढवला.

मी दार उघडून खाली उतरले. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी घोड्यापुढे जाऊन दोन्ही हात पसरले आणि ओरडले. लाज, संकोच काही उरलं नव्हतं. "माझ्या पोरीची परीक्षा आहे! दीडला गेट बंद होतंय!" एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि वळून बेंजोवाल्यावर खेकसला, "बंद कर ए! डॉक्टरीन व्हायला निघाली पोरगी, जाऊ द्या तिला." घोडा कडेला घेतला गेला. नवरदेवानेसुद्धा मुंडावळ्या बाजूला करून आमच्या गाडीकडे पाहिलं.

घोड्यापुढे उभी राहू शकणारी बाई नवऱ्याला एक वाक्य सांगू शकत नव्हती. गाडीत परत बसताना हे माझ्या मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं.

नांदेडात शिरलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. नवरा चौकात मोटारसायकल घेऊन उभा होता. तो पुढे, आम्ही मागे, अशा गल्ल्याबोळांतून आम्ही गेलो. एक पंचविसाला गेट दिसलं. ते अजून उघडं होतं. बाहेर पोरांचे आईबाप उन्हात दाटीने उभे होते आणि शिपाई हात वर करून ओरडत होता, "चला, चला, शेवटची पाच मिनिटं!"

मुलगी उतरली. दप्तर माझ्याकडे दिलं, प्रवेशपत्र, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली हातात घेतली. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. घाबरला होता तोही. पण तोंडातून जे निघालं ते असं: "साधा एक पत्ता वाचता येईना तुला आणि डॉक्टर व्हायला निघालीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार तर दोन क्षण. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी एवढंच म्हणायचं होतं, की ती नाही, मी. तीन शब्द. आतमध्ये तीन तास ती कुणाचं ओझं घेऊन बसणार ते त्या तीन शब्दांवर होतं. मी म्हटलं, "जा बाळा, उशीर होतोय."

ती आत गेली. तीन मिनिटांनी गेट बंद झालं.

आम्ही समोरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली बसलो. काका गाडीत सीट मागे करून झोपले. नवऱ्याने उसाचा रस आणला, मला दिला. मी दोन घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. तो स्वतःशीच बोलत होता. "एवढी हुशार पोरगी. पण हे असं. तुझंच आलंय तिच्यात." तोंड पुसायला काहीतरी हवं म्हणून मी तिच्या दप्तरात हात घातला. हाताला रुमालाऐवजी वही लागली.

गाडीत तिच्या मांडीवर होती तीच. पुढून फिजिक्सची सूत्रं, बारीक अक्षरात. मागून वही उलटी करून तिने दुसरंच काही लिहिलं होतं. पानाच्या वर मथळा होता, आई.

गॅस, झोपताना मी बघायचा.

चावी, दुसरी माझ्या कंपासमध्ये.

दूध तापेपर्यंत बायोलॉजी ओट्याजवळ उभं राहून वाचायची.

एका वेळी एकच काम सांगायचं. दोन सांगितली की दोन्ही राहतात.

"विसरलीस" म्हणायचं नाही. "राहिलं वाटतं" म्हणायचं.

रात्री पप्पांचा फोन आला की आधी मी घ्यायचा.

अशी तीन पानं होती. वेगवेगळ्या शाईत, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली. शेवटची ओळ तीन दिवसांपूर्वीची असणार. तिने लिहिलं होतं, "सेंटर. दोनदा विचारलं, चिडली. आता विचारायचं नाही, तिला वाईट वाटतं. बघितलं म्हणाली म्हणजे बघितलं असेल."

तिचं लक्ष कशात अडकलं होतं ते मला कळलं. तिच्यावर लक्ष ठेवायला मला पाठवलं होतं. दोन वर्षं ती माझ्यावर ठेवून होती, अभ्यास सांभाळून, आणि मी शेजारणींना सांगत होते की पोरगी जरा घुमी आहे.

मला रडू आलं नाही. फार राग आला, स्वतःचा, आणि त्या रागानेच मला बोलतं केलं.

"ती नाही," मी म्हटलं. "सेंटर मी बघितलं नव्हतं. तिने दोनदा विचारलं; एकदा मी हो म्हटलं, दुसऱ्यांदा तिच्यावरच उखडले. ती मघाशी फोनवर खोटं बोलली. माझ्यासाठी."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी वही त्याच्या हातात दिली आणि तो वाचेपर्यंत पर्समधून कागद काढला. घडीवर फाटायला आला होता. त्याने तोही वाचला. प्रश्न वाचायचा, माझ्याकडे बघायचा, परत पुढचा प्रश्न. गणित तपासताना तो असाच वाचतो. मला वाटलं आता म्हणेल, काहीतरी नवीन खूळ.

कागदाची घडी घालून तो म्हणाला, "मला वाटायचं तुला माझ्या बोलण्याची किंमतच न्हाई. सांगितलेलं मुद्दाम करत नाहीस, असं वाटायचं."

"वीस वर्षं?"

"हाव."

मग तो रसाचा ग्लास हातात धरून बंद गेटाकडे बघत बसला. "मी तिला काय बोललो जाताना," तो म्हणाला, "मी काय बोललो."

त्याने निदान तोंड उघडलं होतं. मी तर काहीच बोलले नव्हते.

पुढे तो माझ्याबरोबर त्या डॉक्टर बाईंकडे आला. माझ्या माहेरच्या ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं निघाली, तपासणी झाली, नाव पक्कं झालं, गोळी सुरू झाली. गोळीने मी कुणी दुसरी झाले नाही. दूध अजूनही कधीमधी उतू जातं. मुलीच्या निकालाचं मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आहे, आणि माझं तिने पुरेसं वाहिलं आहे.

त्या दिवशी पाच वाजून गेल्यावर गेट उघडलं. पोरांचा लोंढा बाहेर आला. ती सगळ्यांच्या मागून आली, केस विस्कटलेले, चेहरा पांढरा. नवरा पुढे झाला. त्याने तिच्या हातातली बाटली घेतली आणि धरून उभा राहिला. "पेपर झाला," ती म्हणाली. "पहिला अर्धा तास काही दिसतच नव्हतं. मग जमलं." तिने दप्तर घेण्यासाठी हात पुढे केला आणि माझ्या हातात वही पाहिली. मागचं पान वर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. काही विचारलं नाही. नको तिथे ती विचारत नाही, हे मी तिला शिकवलं होतं.

गाडीकडे चालताना ती अचानक थांबली. "आई, सकाळी निघताना तूच शेवटी वर होतीस. कुलूप लावलंस ना?"

हो, हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसलासुद्धा. नवरा बघत होता, काका बघत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा हात आधीच माझ्या फोनसाठी पुढे आला होता, म्हणजे मी काहीही म्हटलं तरी तीच फोन करून खात्री करणार होती, नेहमीसारखी, मला कळू न देता.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला आठवत नाही."

फोन मी तिला दिला नाही. निलंग्याच्या बाईंचा नंबर मी स्वतः लावला.

"ताई, आमच्या दाराला कुलूप आहे का जरा बघता का? मी लावलं का नाही ते मला आठवत नाही."

"अवो, कुलूप कुठलं," त्या म्हणाल्या. "दार सताड उघडं, वरनं गॅसवर दूध. तुमी गेल्या गेल्याच गॅस बंद केला अन् माझंच कुलूप घातलंय. ते ऱ्हाऊ द्या. पोरगी पोचली का, आधी ते सांगा."

"पोचली," मी म्हटलं. "सेंटर मी बघितलं नव्हतं, ताई. पण ती पोचली."